जिवंत मैफलीचं शवविच्छेदन

दोन हजार सालच्या आगेमागे पुण्यामुंबईत होम थिएटर विकणाऱ्या बहुतेक दुकानांत एकच गाणं वाजत असे. दुकानदार काचेचं दार ओढून घ्यायचा, दिवे मंद करायचा आणि ‘ईगल्स’ या अमेरिकन बँडच्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ या डीव्हीडीतलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावायचा. सुरुवातीला नायलॉनच्या तारांची गिटार, तिच्यामागून दबक्या पावलांनी येणारी तालवाद्यं, आणि मग पोटात गुद्दा बसावा तसा ड्रमचा ठोका. ठोका बसला की दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघायचा, गिऱ्हाईक सोबत आणलेल्या जाणकार मेव्हण्याकडे, आणि मेव्हणा किमतीच्या चिठ्ठीकडे. मेव्हण्याने मान डोलावली की गाणं बंद. गायकाने तोंड उघडण्याआधीच सौदा ठरलेला असे. एका अख्ख्या पिढीला हे गाणं माहीत आहे ते पहिल्या दोन मिनिटांपुरतं. त्या हॉटेलात पुढे काय झालं, याची चौकशी कुणी केली नाही.

‘ईगल्स’ १९८० साली फुटले होते. पुन्हा एकत्र कधी येणार, असं विचारल्यावर त्यांच्यातल्या डॉन हेन्लीने ‘नरक गोठेल तेव्हा’ असं उत्तर दिलं होतं. आपल्याकडे सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा म्हणतात, त्याच चालीवर. चौदा वर्षांनी नरक गोठला आणि गोठल्याबरोबर त्याचं चित्रीकरणही झालं. एप्रिल १९९४, कॅलिफोर्नियातल्या बरबँकचा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ. म्हणजे ज्या डिस्कवर ‘लाइव्ह’ आवाजाची परीक्षा घरोघर घेतली गेली, ती मैफल सिनेमाचे सेट लागतात अशा जागी झाली होती. यात फसवणूक काहीच नाही, टाळ्या वाजवायला माणसं होती आणि त्यांनी त्या मनापासून वाजवल्या. पण ‘लाइव्ह’ या शब्दात जीव किती आणि जोडकाम किती, ही शंका इथूनच सुरू होते. तिचं निरसन करायला गावोगाव तज्ज्ञ बसलेले आहेत.

त्यांची बैठक शनिवारी रात्री, ज्याच्या घरात सर्वांत मोठे स्पीकर आहेत त्याच्याकडे भरते. साधारण चौघे असतात. एक कानवाला. एक डोळेवाला. एक यंत्रवाला, ज्याच्या हातात चार रिमोट असतात आणि जो कधीही खाली बसत नाही. चौथा गाणं ऐकायला आलेला असतो. त्याला पुढच्या शनिवारी बोलावत नाहीत.

पहिली परीक्षा सबवूफरची. ती घेण्यासाठी संगीताचं ज्ञान लागत नाही, खालच्या मजल्यावर शेजारी लागतो. डबलबेसच्या सुरावर शोकेसमधल्या काचा थरथरल्या तर डिस्क बरी. खालचे काका बनियनवर वर आले तर डिस्क उत्तम. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय निघाला तर ती डिस्क संग्रही ठेवण्याजोगी.

यानंतर कानवाल्याचं काम सुरू होतं आणि त्याचा पहिलाच प्रश्न तत्त्वज्ञानाचा असतो: आपण बसलोय कुठे? साध्या स्टिरिओच्या काळात या प्रश्नाला उत्तर होतं. समोर स्टेज, आपण खुर्चीत. पाच स्पीकर आणि एक सबवूफर आल्यापासून श्रोत्याची बैठक व्यवस्था मिक्सिंग करणाऱ्याच्या हाती गेली. एका डिस्कवर टाळ्या मागून येतात, म्हणजे आपण पहिल्या रांगेत आहोत. दुसरीवर गिटार डाव्या कानामागून येते, की-बोर्ड उजव्या, आणि ड्रम चारी बाजूंनी. म्हणजे आपण ड्रमवाल्याच्या मांडीवर बसलेलो आहोत. खऱ्या सभागृहात मागून टाळ्या क्वचितच इतक्या स्वच्छ ऐकू येतात. मागून ऐकू येतं ते ‘गाडी कुठे लावलीस?’ हे. तो आवाज कुठलीच कंपनी मागच्या स्पीकरला देत नाही.

पाठोपाठ ओठ आणि आवाज यांच्या मेळाची तपासणी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याचे आकडेच दिले आहेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला खटकू लागतो, पण मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत त्याच्या लक्षात येत नाही. हा पक्षपात निसर्गानेच शिकवलेला. आवाज सेकंदाला ३४०-एक मीटर चालतो, प्रकाश त्याच्या कितीतरी पट वेगाने, म्हणून लांबच्या धोब्याचा दांडका आधी दिसतो आणि ‘धप्’ मागाहून येतं. उलटा प्रकार आपण जन्मात पाहिलेला नसतो. मोठ्या मैदानावर शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला, जवळपास वेगळा स्पीकर नसेल तर, गाणं पाव सेकंदाहूनही उशिरा मिळतं. गायकाचं तोंड एका शब्दावर, कान मागच्या शब्दावर. त्या जागेसाठी त्याने हजारो रुपये मोजलेले असतात आणि तो आनंदाने नाचत असतो. तोच माणूस घरी आल्यावर अँप्लिफायरच्या मेनूत शिरून दहा मिलिसेकंदांसाठी रात्रीचे दोन वाजवतो.

सर्वांत खमंग भांडण मात्र पट्टीवरून होतं, आणि ते आपल्याकडे व्हायला आपली जुनी टीव्ही पद्धतच कारण आहे. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी चालते. भारतात आणि युरोपच्या बहुतेक भागात टीव्हीची पद्धत होती पाल, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. उरलेलं एक चित्र आणायचं कुठून? उपाय सोपा काढला: सिनेमाच चार टक्के जोरात पळवायचा. चित्रात ते कुणाला कळत नाही, आवाज मात्र अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाइतका वर चढतो. फिल्मवर चित्रित झालेल्या मैफलीची पाल डीव्हीडी घ्या. कंपनीने मागाहून पट्टी उतरवून दिली नसेल, तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा ११७ मिनिटांचा सिनेमा अशा डिस्कवर ११२ मिनिटांतच आटोपतो. घरात पेटी असलेला आणि तिच्यावर डिस्कबरोबर सूर लावून बघणारा एखादा निवृत्त मास्तर हे बरोबर पकडतो. आधी पेटी उतरली असं समजून तो ती दुरुस्तीला टाकतो. पेटीवाला शपथेवर सांगतो की पेटी ठीक आहे. शेवटी संशय गायकावर जातो.

यावर उपाय म्हणून न्यू जर्सीतल्या चुलतभावाला अमेरिकन डिस्क आणायला सांगायचं. तिकडची टीव्ही पद्धत वेगळी, पट्टी शाबूत. भाऊ डिसेंबरात येतो, बॅगेत चॉकलेटांच्या खाली डिस्क असते, आणि इथल्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर निषेधाची पाटी झळकते. डीव्हीडीच्या जगाचे तुकडे पाडलेले होते. अमेरिका पहिल्या विभागात, भारत रशिया आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागाबरोबर पाचव्या विभागात. मग रिमोटवरची कुठली तरी बटणं ठरावीक क्रमाने दाबून प्लेअरचं कुलूप उघडणारा एक मुलगा सापडतो. यंत्रवाल्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा दिवस. त्या आनंदात डिस्क ऐकायची राहून जाते.

डोळेवाल्याचं खातं वेगळं. तो कट मोजतो. पडद्यावर दर दोन-तीन सेकंदांनी चित्र बदलू लागलं की त्याचा रक्तदाब वाढतो. गिटारवाला जीव ओतून वाजवतोय, आणि कॅमेरा त्याचा चेहरा दाखवतो, केस दाखवतो, क्रेनवर चढून मैदान दाखवतो, कुणाच्या तरी खांद्यावर बसलेली मुलगी दाखवतो, पुन्हा केस दाखवतो. बोटं सोडून सगळं. ज्याने घरी वाद्य शिकण्यासाठी ही डिस्क घेतलेली असते, त्याला शेवटी गिटारवाल्याचा न्हावी कोण एवढंच कळतं.

प्रेक्षक किती दाखवायचे, हा तर पंथभेदाचा विषय आहे. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरीला झालेल्या महोत्सवावर डी. ए. पेनबेकरने जो चित्रपट केला, त्याच्या अखेरीला पंडित रविशंकर आणि अल्लारखाँ आहेत. सतार वाजू लागते, आणि कॅमेरा बराच वेळ नुसता माणसांतून हिंडत राहतो. झोपलेली, जागी, डोळे मिटलेली, डोळे तारवटलेली माणसं. सतार वाजवणारा गृहस्थ दर्शन देईपर्यंत सतारीसाठी आलेला माणूस रडकुंडीला येतो. पण पेनबेकर हिंडतो त्यात एक हिशेब आहे: आधी त्या माणसांना काय होतंय ते बघा, मग कशामुळे होतंय ते दाखवतो. अल्लारखाँ दिसू लागले की तक्रार मागे घ्यावी लागते.

दुसऱ्या टोकाला मायकेल जॅक्सन. १ ऑक्टोबर १९९२, बुखारेस्टचं स्टेडियम; डीव्हीडी २००५ साली आली. सुरुवातीला तो स्टेजखालून उसळून वर येतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. गाणं नाही, नाच नाही, पापणी हलत नाही. इकडे पब्लिकमध्ये मुली मूर्च्छित पडतायत, रक्षक त्यांना डोक्यावरून उचलून नेतायत. कलावंत काहीही करत नाही आणि श्रोते कोसळतात, असा प्रसंग मैफलींच्या इतिहासात विरळाच. (आपल्याकडे स्वागताध्यक्ष बोलायला उभे राहिल्यावर जवळपास हाच परिणाम होतो, पण त्याची कारणं वेगळी.) या डिस्कचा कस पाहताना डोळेवाला आवाज बंद ठेवतो आणि उचलून नेलेल्या मुली मोजतो.

जोनाथन डेमीने ‘स्टॉप मेकिंग सेन्स’मध्ये या साऱ्याला सरळ फाटा दिला. ‘टॉकिंग हेड्स’चे हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमधले कार्यक्रम, डिसेंबर १९८३. डेव्हिड बर्न एकटा येतो, हातात गिटार आणि एक टेपरेकॉर्डर. मग एकेका गाण्याला एकेक वादक वाढत जातो. प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाहीत. नाचायचं की नाही, हे खांद्यावरची मुलगी ठरवत नाही, सोफ्यावर बसलेल्याने आपापलं ठरवायचं. कॅमेरा वादकांवर टिकतो, त्यांची एकमेकांकडे टाकलेली नजर टिपतो. घरी बघायच्या मैफलीचा याहून चांगला नमुना शोधायला गेल्यास वेळ वाया जाईल.

आता डोळेवाल्यांची गंमत अशी की, दिग्दर्शनाची अद्भुत करामत म्हणून ते ज्याकडे बोट दाखवतात, ती बऱ्याचदा फजिती असते. ‘पिंक फ्लॉइड’ने ऑक्टोबर १९७१ मध्ये पाँपेईच्या प्राचीन रंगमंडलात एकही प्रेक्षक न बोलावता वाजवलं. वाद्यांना लागणारी वीज तिथे नव्हती. गावातून लांबलचक केबल ओढून आणावी लागली. त्या चित्रपटात एक अख्खं गाणं जवळपास पूर्णपणे ड्रमर निक मेसनवर आहे. मध्येच त्याच्या हातातून काठी निसटते, तो लय न सोडता दुसरी उचलतो, सगळं एका दमात दिसतं. ‘काय धाडस आहे! बाकी तिघांना गाळून ड्रमरवर कॅमेरा रोखायचा!’ असं शनिवारच्या बैठकीत म्हटलं जातं. बाकी तिघांची रिळं हरवली होती.

‘द लास्ट वॉल्ट्झ’चंही तेच. ‘द बँड’चा निरोपाचा कार्यक्रम, २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड. थँक्सगिव्हिंगचा दिवस होता म्हणून पाचएक हजार लोकांना आधी टर्की पक्ष्याचं जेवण वाढलं आणि मग गाणं. लग्नात आधी पंगत आणि मग अक्षता, असा तो उलटा कारभार. मार्टिन स्कोर्सेसीने गाण्याच्या कुठल्या ओळीला कोणता कॅमेरा काय टिपेल, याची बारीक टिपणं केली होती. मडी वॉटर्स गायला उभा राहिला तेव्हा बाकीचे कॅमेरे फिल्म बदलायला थांबलेले. एकटा कॅमेरावाला लास्लो कोवाच चालू होता; वैतागून त्याने कानावरचा हेडफोन काढून ठेवल्यामुळे थांबायचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, असं सांगतात. त्यामुळे पडद्यावर फक्त मडी वॉटर्स, त्याच्याकडे एकटक बघणारा एक कॅमेरा, आणि मध्ये कुणाची लुडबूड नाही. सगळ्या सिनेमातलं हे सर्वांत जिवंत गाणं.

बाकी त्या सिनेमाची डागडुजी पुष्कळ झाली. गळ्याची, वाद्यांची दुरुस्ती मागाहून स्टुडिओत केली. पाहुणा म्हणून गायलेल्या नील यंगच्या नाकपुडीशी कोकेनचा पांढरा ठिपका दिसत होता. तो एकेका चित्रातून खोडून काढला. कानवाले आणि डोळेवाले आजही तिथे डिस्क थांबवून, टीव्हीला नाक लावून, यंगचं नाक तपासतात. ड्रमर लेव्हन हेल्मला मात्र वेगळंच खुपत होतं. सिनेमाभर कॅमेरा गिटारवादक रॉबी रॉबर्टसनच्याच मागे आहे, अशी तक्रार त्याने आपल्या आत्मचरित्रात केली. रॉबर्टसन सिनेमाचा निर्माता होता, एवढं सांगितलं की मराठी वाचकाला पुढचं समजावून द्यावं लागत नाही.

डागडुजीच्या बाबतीत ‘लेड झेपेलिन’ सर्वांच्या पुढे गेले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुलै १९७३ मध्ये चित्रण केलं, नंतर बघतात तर गाण्यागाण्यात भोकं. मग इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत स्टेज उभारलं आणि त्याच हालचाली पुन्हा केल्या. मधल्या काळात बेसवादक जॉन पॉल जोन्सने केस कापले होते. त्याला टोप घातला. ‘द साँग रिमेन्स द सेम’ १९७६ मध्ये लागला. नावाप्रमाणे गाणं तेच राहिलं, केस तेवढे बदलले. संगीत नाटकांच्या प्रदेशातल्या प्रेक्षकाने टोपाबद्दल तक्रार करू नये हे खरं. पण कानवाला जेव्हा ‘ऐक, हा अस्सल न्यूयॉर्कचा घुमारा’ म्हणतो तेव्हा त्याला टोपाची गोष्ट सांगावी. आठवडाभर तो फोन उचलत नाही.

मग अस्सल ओळखायचं कसं? एक खात्रीचा पुरावा उपलब्ध आहे. १ ऑगस्ट १९७१, तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या मदतीसाठी जॉर्ज हॅरिसनने भरवलेला कार्यक्रम. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ. वाद्यं लावून झाली, आणि गाणंच संपलं असं समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी हसून सांगितलं की, लावणं एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. ते सगळं रेकॉर्डवर आहे. टाळ्या मागाहून चिकटवणारा माणूस कितीही निर्ढावलेला असला, तरी सतार लावण्यावर टाळ्या चिकटवायचं त्याला सुचणार नाही.

खोक्यावरूनही परीक्षा होते, हे सांगायला हवं. ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘पल्स’ची सीडी १९९५ मध्ये आली, तेव्हा तिच्या खोक्याच्या कण्यात लाल दिवा लुकलुकत असे, आत बॅटरी. लंडनच्या अर्ल्स कोर्टमधलं चित्रण डीव्हीडीवर यायला २००६ उजाडलं. तोवर बऱ्याच जणांच्या सीडीतला दिवा विझलेला. गाणी शाबूत होती, पण ‘माझी अजून लुकलुकते’ हा मान मोठा. डीव्हीडीच्या जादा मजकुरात तर चाहत्यांनी चोरून केलेली चित्रणंही घातलेली. चोराकडून परत आणलेला माल असा सन्मानाने मांडल्यावर, इतकी वर्षं तंबूत लपूनछपून टेप करणाऱ्यांनी जायचं कुठे?

या साऱ्या चिकित्सेतून बाहेर पडून आपल्याकडच्या शास्त्रीय मैफलीची एखादी व्हीसीडी लावावी, म्हणजे जमिनीवर यायला होतं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. स्टेजवर धुपाचा धूर असेल तर त्याच्या फरश्या पडतात. तबलजीची बोटं दिसत नाहीत म्हणून डोळेवाला ओरडतो. पण झाकीर हुसेन यांची बोटं तर समोर बसूनही दिसत नसत, तेव्हा तो दोष डिस्कवर घालता येत नाही. डिस्कवर मावतो सव्वा तासाच्या आसपासचा ऐवज. यमनचा विलंबित ख्याल पहिल्या डिस्कवर, द्रुत दुसऱ्यावर. मध्ये उठून डिस्क बदलायची आणि दुसरी डिस्क कंपनीच्या जाहिरातीपासून सुरू होते. तापलेला यमन निवतो.

छायाचित्रकार लग्नातला. त्याला दोन गोष्टी शिकवलेल्या असतात: सगळे आले पाहिजेत आणि जेवणं आली पाहिजेत. म्हणून दीपप्रज्वलन पूर्ण असतं. पंख्याच्या वाऱ्याने विझलेल्या पाच काड्या आणि पेटलेली सहावी, सगळ्या येतात. प्रायोजकांचा सत्कार असतो, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे न कळून तो धरून उभे राहिलेले गृहस्थ. मग आलापी सुरू होते आणि कॅमेरा शांत होतो, कारण आता काही ‘घडत’ नाही. तान आली की झूम पुढे, तान उतरली की झूम मागे. समेवर, जिथे अख्खं सभागृह एका क्षणी मान टाकतं, तिथे कॅमेरा नेमका मागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्येवर असतो. तीही बिचारी त्याच क्षणी कानामागे केस सारत असते. तबल्याला आवर्तनं मोकळी सोडली की श्रोते दाखवायचे. श्रोत्यांतल्या मान्यवरांचे डोळे मिटलेले. समाधी की झोप, हे व्हीसीडीच्या ठिपक्यांत कळत नाही आणि तेच बरं. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पान उलटतं, चांदणी फुटते, आणि मिक्सिंग करणाऱ्याच्या हाताची सवय गेली नसेल तर ठुमरीच्या ऐन मुखड्यावर बदामाचा आकार उमलतो.

आवाज दोन ठिकाणांहून घेता येतो. मिक्सरमधून घेतला तर सभागृह नाहीसं होतं. ‘क्या बात है’ म्हणणारा माणूस शेजारच्या इमारतीतून बोलल्यासारखा वाटतो आणि दाद नसलेलं गाणं परीक्षेला बसल्यासारखं ऐकू येतं. कॅमेऱ्याच्या माइकवरून घेतला तर सभागृह सगळं येतं: दार करकरतं, पोर रडतं, वड्याचा कागद चुरगळतो, आणि लांब कुठे तरी मारवा चालू असतो. शिवाय विजेची घुरघुर. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा; हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंना वीजपुरवठ्याकडून तिसरा तानपुरा फुकट मिळतो, फक्त तो कधी लागलेला नसतो आणि खुंटी पिळून लावताही येत नाही.

इतकं असूनही जुने दर्दी अशीच एखादी व्हीसीडी कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवतात. चित्राला शून्य, आवाजाला शून्य, पण बुवा त्या दिवशी ‘लागले’ होते, असं म्हणतात. हा गुण मोजायला यंत्रवाल्याकडे रिमोट नाही.

राहता राहिली एक परीक्षा, जी सगळे घेतात आणि कुणी कबूल करत नाही: आपण दिसतोय का?

‘आयर्न मेडन’ने २००८ चा जगाचा दौरा १ फेब्रुवारीला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावरून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँड आणि सामान भरलेलं बोइंग ७५७ तोच उडवत होता. त्या दौऱ्यावरचा ‘फ्लाइट ६६६’ पुढच्या वर्षी डीव्हीडी आणि ब्लू-रेवर आला. मैफलीच्या डिस्कवर दर गाणं वेगळ्या शहरातलं, आणि पहिलं गाणं ‘एसेस हाय’ मुंबईचं. जाणकारांनी लगेच शंका काढली की सोळा शहरांतला आवाज एका पट्टीत कसा बसवला असेल. मुंबईकराला त्याची फिकीर नव्हती. ठाण्याच्या एका भाविकाने डीव्हीडी आणली, डाव्या कोपऱ्यात हात वर केलेला काळ्या टी-शर्टमधला ठिपका शोधला, डिस्क थांबवली आणि घरच्यांना बोलावून दाखवला. त्याचा न्यू जर्सीतला भाऊ तिथल्या कार्यक्रमाला गेलेला. त्यांच्या वाट्याला तेरा मिनिटांहून मोठं गाणं आलं आणि मुंबईला पाचेक मिनिटांचं, यावरून दोघांत वर्षभर धुसफूस चालली. पण ठिपका ठाण्याकडे होता.

पुढे त्याने मोठा टीव्ही घेतला, ब्लू-रेचा प्लेअर घेतला, आणि तेच दृश्य पुन्हा थांबवलं. १९२० बाय १०८० मध्ये ठिपक्याला चष्मा आणि दाढी होती. ठाणेकराला दोन्ही नव्हतं.

डीव्हीडी त्याने अजून टाकलेली नाही. पाहुण्यांना तीच दाखवतो.